स्टेपनी

15 ऑगस्ट 2024. झेंडावंदन झालं, मुलांना बुंदी वाटून झाली आणि आम्ही हजेरीचं रजिस्टर बगलेत धरून स्टाफरूमकडं निघालो, तेवढ्यात नववीतली चार-पाच पोरं आडवी आली. आम्हाला वाटलं, उद्याच्या सुट्टीचं विचारायचं असेल. तर एकजण म्हणाला, "सर, रॉक्स आ गई! पांच दरवाजेवाली. बारा लाख निन्यानवे हजार से शुरू."

आदल्याच रात्री महिंद्राने पाच दरवाजांची थार जाहीर केली होती. पोरांनी रात्री जागून मोबाईलवर तो सोहळा पाहिला होता. ज्या पोरांना आदल्या दिवशी घोटून घेतलेलं भाषण चार ओळींच्या पुढं आठवलं नव्हतं, ती या गाडीचं इंजिन, चाकं, छत, सगळं घडाघडा सांगत होती. आम्ही मास्तरी आवाज काढून "चलो, घर जाओ" म्हणालो खरं, पण लगेच न राहवून विचारलं, "चाक कितीचं आहे?"

"अठरा इंची सर. ऊपरवाले मॉडेल को उन्नीस."

पोरं पांगली. शाळेच्या आवारात लिंबाच्या झाडाखाली आमची गाडी उभी होती. 2014 ची अल्टो 800, चाक बारा इंची. चारही टायर गुळगुळीत. चिखलातून शाळेत येताना ती सकाळीच दोनदा बाजूला सरकली होती.

आम्ही ढाणकीचे. उमरखेड तालुका, जिल्हा यवतमाळ. जिल्ह्याचं ठिकाण लांब, नांदेड त्या मानानं जवळ, म्हणून आमचा दवाखाना, लग्नाचा बस्ता आणि गाडीचे टायर हे सगळं नांदेडहून येतं. मध्ये पैनगंगा. ती ओलांडली की विदर्भ संपून मराठवाडा लागतो. लेखात 'आम्ही' लिहितो ते मोठेपणासाठी नाही. घरी उर्दू, शाळेत उर्दू, आणि लहानपणापासून स्वतःला 'हम' म्हणायची जिभेला लागलेली सवय. मराठी लिहायला घेतली तरी ती सुटत नाही. शिवाय या लेखातल्या बऱ्याच गोष्टी आम्ही एकट्यानं केलेल्या नाहीत. त्यात आमचे अब्बा आहेत.

अब्बांचं बसस्टँडजवळ पंक्चरचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार बल्ल्यांवर टिनाचं छप्पर, बाहेर टायरची उतरंड, पाण्याचं घमेलं, हवा भरायचं मशीन, दोन टामी, जॅक, कानस, सोल्युशनचा डबा आणि ट्यूबवर ठिगळ भाजायची प्रेस. वर पाटी, 'टायर वल्कनायझिंग'. पेंटरनं तो शब्द तीन वेळा खोडून लिहिला होता. पुढं बी.एड. ला गेल्यावर आम्हाला कळलं की हा शब्द रोमन लोकांच्या अग्निदेवतेवरून आला आहे आणि कच्च्या रबरात गंधक घालून ते तापवायची युक्ती चार्ल्स गुडइयर नावाच्या अमेरिकन माणसाला 1839 साली सापडली. अब्बांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "गंधक का बास तो हमको रोजच आता है."

दुकानाचा खरा धंदा पंक्चरचा नव्हता. पंक्चरवर मिठाचा खर्च निघायचा. खरा धंदा जुन्या टायरचा, आणि तोही बंडीचा. आमच्याकडं बैलगाडीला बंडी म्हणतात. लाकडी चाकांच्या बंड्या मागं पडून टायरबंड्या आल्या होत्या. पोफळीचा वसंत साखर कारखाना जोरात असताना ऊस वाहणारे गाडीवान हंगामाआधी अब्बांकडं यायचे. जीपचा किंवा ट्रकचा उतरलेला टायर बंडीला आणखी चार-पाच वर्षं सहज जायचा, कारण बैल काही ताशी ऐंशीनं पळत नाही. 1888 साली बेलफास्टमध्ये हवेचा टायर बनवणारा डनलॉप हा जनावरांचा डॉक्टर होता. त्यानं टायर केला होता स्वतःच्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी. आमच्या गाडीवानांच्या बैलांचे खांदे त्यामुळं वाचतील हे त्याच्या ध्यानीमनीही नसेल.

बंडीवरून उतरला तरी टायर मरत नव्हता. त्याच्या चपला व्हायच्या, जनावरांना पाणी पाजायची टोपली व्हायची, वादळात टिन उडू नये म्हणून तो छपरावर चढायचा. आणि सगळ्यात शेवटी आम्हा पोरांच्या हातात यायचा, काठीनं पळवायला.

अब्बा चौथीपर्यंत शिकलेले. इंग्रजी येत नाही. पण टायरच्या बाजूला कोरलेलं सगळं त्यांना वाचता येतं. शेवटचे चार आकडे म्हणजे जन्मतारीख. 2316 असेल तर 2016 सालातला तेविसावा आठवडा. चार आकड्यांची ही पद्धत 2000 सालापासूनची. त्याआधी तीनच आकडे असायचे आणि दशक कोणतं ते ताडावं लागायचं. नक्षीच्या खाचेत तळाशी छोटे उंचवटे असतात. गाडीच्या टायरची झीज तिथपर्यंत आली, म्हणजे खाच 1.6 मिलिमीटर उरली, की टायर संपला. कायदाही हेच म्हणतो. पण अब्बा म्हणायचे, हे सगळं बाहेरचं वाचन झालं. टायरचं खरं वय आत. ते कोपरापर्यंत हात आत घालायचे आणि डोळे मिटून सगळा गोल फिरवायचे. आतून चिकटवलेलं गेटर बोटाला लागतं. एका बाजूनं टायर जास्त घासलेला असेल तर ज्या गाडीचा तो होता तिचं अलाइनमेंट बिघडलेलं. मध्येच घासलेला असेल तर मालक हवा जास्त भरणारा. दोन्ही कडा घासलेल्या असतील तर कमी हवेवर ओझं वाहिलेलं. आणि संपलेल्या टायरवर गरम सुरीनं पुन्हा खाचा कोरून, वर काळं पॉलिश मारून जो माल विकला जातो, तो अब्बा वासावरून ओळखायचे. "नवा रबर बोलता नहीं," ते म्हणायचे, "पॉलिश बोलता है."

आता नव्या गाड्यांचं.

आम्हाला नव्या गाड्यांचा नाद अब्बांनीच लावला. ही गोष्ट लोकांना खरी वाटत नाही. ज्या माणसानं आयुष्यात चारचाकी घेतली नाही, सायकलवरून लुनावर आणि लुनावरून परत सायकलवर आला, तो माणूस दर नव्या गाडीची बातमी कापून दुकानाच्या खांबाला डकवायचा. आम्हाला लहानपणी वाटायचं, अब्बांना गाडीची हौस आहे आणि पैसे नाहीत. आम्हाला त्यांची कीव यायची.

10 जानेवारी 2008 ला दिल्लीच्या प्रदर्शनात टाटांची नॅनो दाखवली गेली. लाख रुपयांची गाडी. आम्ही तेव्हा बारावीला होतो. दुसऱ्या दिवशीचं वर्तमानपत्र घेऊन धावत दुकानात गेलो. सगळं बसस्टँड त्या फोटोभोवती जमलं. लाख रुपये म्हणजे किती क्विंटल कापूस, याचे हिशेब सुरू झाले. अब्बांनी आमच्याकडून बातमी वाचून घेतली आणि विचारलं, "टायर?" ते त्या बातमीत नव्हतं. पुढं मार्च 2009 मध्ये गाडी बाजारात आली, दोन लाखांवर लोकांनी नोंदणी केली, त्यातून एक लाख जणांची सोडत निघाली, आणि मग कधीतरी उमरखेडला एक पिवळी नॅनो दिसली. अब्बा तिच्यापुढं उकिडवे बसले. पुढचा टायर वाचला, मागचा वाचला. दोन्ही मापं वेगळी. पुढं 135, मागं 155. उठताना म्हणाले, "ये गाडी का टायर हमारे काम का नहीं. आगे का पीछे नहीं लगता, पीछे का आगे नहीं लगता. सेकंडहँड में चार जोडी कब बैठेगी?"

तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. अब्बा नव्या गाडीकडं मालकाच्या डोळ्यांनी कधी पाहतच नव्हते. आज जी गाडी शोरूममध्ये येते तिचे टायर तीन-चार वर्षांनी जुन्या बाजारात येणार. कोणत्या मापाचे, किती, आणि ते बंडीला, जीपला, ऑटोला चालतील का, एवढंच त्यांना हवं असायचं. शिवाय नवी गाडी घेणारे हौशी लोक पहिल्याच आठवड्यात कंपनीचे टायर काढून रुंद टायर आणि चकचकीत चाकं टाकतात. ते उतरवलेले, काटे न घासलेले टायर हा जुन्या बाजारातला सगळ्यात चांगला माल. नव्या गाडीची हवा जितकी जास्त तितका हा माल जास्त. नॅनो सिंगूरहून सानंदला गेली, 2018 मध्ये जवळपास बंद पडली. तिचे टायर आमच्या दुकानाच्या उतरंडीत कधी आले नाहीत.

आमचा नाद मात्र मालकाच्या डोळ्यांचाच राहिला. आम्ही बी.एड. केलं, पाच वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं, 2019 मध्ये पवित्र पोर्टलच्या यादीत नाव आलं. तीन वर्षं शिक्षणसेवक, महिना आठ हजार. (हे मानधन पुढं 2023 मध्ये अठरा हजार झालं. आमची तीन वर्षं तोवर संपली होती.) या सगळ्या काळात आम्हाला प्रत्येक गाडीची किंमत पाठ होती. पूर्ण पगार सुरू झाला तेव्हा पुसदच्या एका शिक्षकाची वापरलेली अल्टो 1,65,000 ला घेतली. ती घरी आली त्या दिवशी अब्बांनी डिकी उघडली, स्टेपनी बाहेर काढली, आत हात घालून पाहिली आणि भंगारात फेकली. दोन दिवसांनी कुठूनतरी एक टायर आणला, स्वतःच्या हातानं रिमवर चढवला आणि डिकीत ठेवला. आम्हाला तो जरा जुनाट वाटला होता. गप्प राहिलो.

आता एक कबुली द्यायची आहे. बी.एड. च्या फॉर्ममध्ये वडिलांचा व्यवसाय या रकान्यात आम्ही 'व्यापार' लिहिलं होतं. लग्नाच्या बोलण्यात आमच्या मामूंनी "टायर का बिझनेस है" असं सांगितलं आणि आम्ही मान खाली घालून बसलो. सासुरवाडी हिमायतनगरची, तिथं कुणाला ढाणकीचं दुकान पाहायला वेळ नव्हता. लग्नानंतर वर्षभरानं अब्बांना मोतीबिंदू झाला, दुकान बंद झालं, आणि खरं सांगायचं तर आम्हाला सुटल्यासारखं वाटलं. 'पंक्चरवाले' हा शब्द आपल्या लोकांना कोणत्या चालीत ऐकवला जातो ते वाचकांना सांगायला नको. मोबाईल हातात आल्यापासून तो रोज ऐकू येतो. आमच्याच बरोबर नोकरीला लागलेल्या एका शिक्षकानं ग्रुपवर तसला विनोद टाकला होता, आणि आम्ही त्याखाली हसरा चेहरा टाकला होता. हेही लिहून टाकतो.

तर, रॉक्स आली त्या आठवड्यात आमचे टायर संपले होते. अब्बांना सांगायचं सोडून आम्ही एका रविवारी एकटेच नांदेडला गेलो. आधी शोरूममध्ये जाऊन रॉक्स पाहिली. आत बसलो. विकणाऱ्या पोरानं "सर, आपण काय करता?" विचारलं, आम्ही "शिक्षक" म्हणालो, त्यानं हसून पाण्याची बाटली दिली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं गेला. तिथून देगलूर नाक्याकडं एका जुन्या टायरच्या दुकानात गेलो. नवा टायर तेव्हा एकेक तीन हजारांच्या घरात पडत होता. बहिणीच्या लग्नाच्या कर्जाचा हप्ता चालू होता, चार नवे शक्य नव्हते. दुकानदारानं चार टायर पुढं टाकले. "नई गाडी के उतारे हुए हैं मास्टर साब, आपके लिए चार के अडतालीसशे." आम्ही फक्त एका टायरवरचा आकडा वाचला. 2022 सालचा होता. बाकीचे तीन वाचायला खाली वाकायचं होतं, हात काळे करायचे होते, आणि अंगावर शोरूमला जायचा पांढरा शर्ट होता. पोरांनी टायर चढवले. चारही काळेकुळकुळीत, चकाकत होते. पॉलिश बोलत होतं. आम्हाला ऐकू आलं नाही.

सप्टेंबरच्या सुरुवातीला आम्ही बायको आणि दोन्ही मुलींना घेऊन हिमायतनगरला गेलो आणि पाऊस लागला. इसापूर धरणाचे दरवाजे उघडले की आमच्याकडं पैनगंगा फुगते. गांजेगावचा पूल पाण्याखाली गेला. तीन दिवस तिकडंच अडकलो. मग हदगाव, मार्लेगावचा पूल, उमरखेड असा मोठा फेरा घेऊन परत यायचं ठरलं. मार्लेगावचा पूल सुरू झाला होता. उमरखेड मागं टाकून ढाणकीच्या रस्त्याला लागलो, सोयाबीनच्या शेतांतून पाणी वाहत होतं, मागं मुली भांडत होत्या. वेग पन्नास-पंचावन्न असेल. पुढून डावीकडून फटाक्यासारखा आवाज आला आणि स्टिअरिंग हातातून ओढलं गेलं. ब्रेक जोरात दाबायचा नसतो हे आम्हाला माहीत होतं. लहानपणी शंभरदा ऐकलं होतं. पाय आपोआप उचलला गेला. गाडी रस्ता सोडून उतरली, एका बाजूनं कलली आणि चिखलात रुतून थांबली. पाच फूट पुढं नाल्याची मोरी होती. समोरून येणाऱ्या ट्रकनं हॉर्न वाजवला आणि तो निघून गेला. धाकटी रडायला लागली. मोठी गप्प होती, तिचंच आम्हाला जास्त भय वाटलं.

अल्लाहचा शुक्र, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. गावकऱ्यांनी गाडी ढकलून वर काढली. आम्ही घरी फोन लावला. तासाभरात अब्बा शेजारच्या पोराच्या मोटारसायकलवर मागं बसून आले, हातात टामी. आम्हाला काही विचारलं नाही. आधी नातींच्या डोक्यावरून हात फिरवला. मग फाटलेल्या टायरजवळ बसले आणि आत हात घातला. आकडा आतल्या बाजूला बसवलेला होता, चाक गाडीवर असेपर्यंत दिसणारच नाही असा. त्यांनी तो बोटानं चाचपला आणि आम्हाला म्हणाले, "पढ."

आम्ही वाचलं. 3712. बारा वर्षांचा टायर. आत दोन ठिकाणी गेटर. वरची नक्षी कोरलेली.

त्या दिवशी अब्बा एवढंच बोलले. आम्ही जॅक लावला, त्यांनी पाना धरला. डिकीतून त्यांनीच ठेवलेला तो जुनाट टायर निघाला, आणि त्यावर आम्ही घरापर्यंत आलो.

गाडीच्या जादा चाकाला आपण स्टेपनी म्हणतो. अब्बा म्हणतात, नववीतली पोरं म्हणतात, मोरीवर मदतीला आलेला शेतकरीही म्हणाला, "स्टेपनीत हवा हाय का?" हा शब्द वेल्समधल्या लानेली गावातल्या स्टेपनी स्ट्रीट नावाच्या रस्त्यावरून आला. 1904 च्या सुमारास तिथं डेव्हिस आडनावाच्या दोघा भावांनी मोटारीसाठी जादा चाक बनवायला सुरुवात केली. तेव्हाच्या मोटारींना ते नसायचंच. शब्द जुना झाला, पण आपल्या तोंडी टिकला. आता गंमत अशी की नव्या गाड्यांतून स्टेपनी चालली आहे. 2020 मध्ये सरकारनं नियम बदलला. ट्यूबलेस टायर, हवा कमी झाल्याचं सांगणारं यंत्र आणि पंक्चर काढायचं किट दिलं असेल तर लहान गाडीला जादा चाक नसलं तरी चालतं. विजेवरच्या कित्येक गाड्यांत ते नाही. पोरांनी ही बातमी आम्हाला मोठ्या कौतुकानं सांगितली होती. किट म्हणजे काय? तर पंक्चर काढायचं सामान. म्हणजे दहा-पंधरा लाखांची गाडी घेणाऱ्यानं आता स्वतःच पंक्चर काढायचं आहे! आम्ही हे अब्बांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसत राहिले.

टायर फुटला की सगळं टायरवर ढकलता येतं, हेही इथं नोंदवतो. 1 जुलै 2023 ला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ बस जळून 25 माणसं गेली. नागपूरहून निघून यवतमाळवरून पुण्याकडं जाणारी ती बस होती. त्यामुळं आमच्या जिल्ह्यात तो हंबरडा फार जवळून ऐकू आला. चालक म्हणाला टायर फुटला. आरटीओच्या पाहणीत टायर फुटल्याची खूण सापडली नाही. आमच्या बाबतीत मात्र टायर खरोखर फुटला होता, आणि तरीही दोष टायरचा नव्हता. दुकानदारानं फसवलं हे खरं. पण ज्या घरात आम्ही वाढलो तिथल्या माणसाला फसवणं त्याला जमलं नसतं. फसवला गेला तो पांढरा शर्ट.

त्यानंतरच्या वर्षी, 14 एप्रिल 2025 ला, पंतप्रधान हरियाणातल्या हिसारच्या सभेत म्हणाले की वक्फच्या मालमत्तेचा प्रामाणिकपणे वापर झाला असता तर मुसलमान तरुणांना सायकलींचे पंक्चर काढत आयुष्य काढावं लागलं नसतं. वक्फच्या जमिनींचं काय झालं ते आपल्याइतकं कुणाला ठाऊक? त्या कुणी खाल्ल्या त्यात आपलेही आहेत. सच्चर समितीनं 2006 मध्येच लिहून ठेवलं आहे की आपली माणसं पगारी नोकरीत कमी आणि स्वतःच्या हातावर पोट असणाऱ्या धंद्यांत जास्त आहेत. म्हणजे वाक्यातला पहिला भाग चर्चेचा आहे, त्यावर भांडता येईल. पण दुसरा भाग ऐकताना आमच्या कानात ती ग्रुपवरची चाल वाजली. संध्याकाळी घरी टीव्हीवर तेच चालू होतं. अब्बांनी ऐकलं आणि म्हणाले, "सायकल का पंक्चर अब निकलवाता कौन है? सब के पास हिरोहोंडा है." आणि चहा मागितला.

जूनमध्ये शाळा उघडली. नव्या वर्षाचे फॉर्म भरून घेत होतो. रॉक्सची बातमी आणणारा पोरगा आता दहावीत आला होता. त्याच्या बापाचं रस्त्याला लागून पंक्चरचं दुकान आहे, रोज जाता-येता आम्हाला सलाम करतो तो माणूस. पोरानं पालकांच्या व्यवसायाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'बिझनेस'. अक्षर नेहमीपेक्षा बारीक. आम्ही तो फॉर्म हातात धरून बराच वेळ उभे राहिलो. त्याला काय सांगणार होतो? सगळ्या वर्गासमोर सांगितलं असतं तर त्याची आणखी फजिती. आणि सांगायचा अधिकार तरी कुठं होता?

दुसऱ्या दिवशी आम्ही तो फाटलेला 3712 वर्गात नेला. फळ्यावर लिहिलं: 145/80 आर 12, 74 टी. विचारलं, याचा अर्थ कोण सांगेल? नव्या गाड्यांची सगळी माहिती असलेली पोरं गप्प. त्याचा हात हळूच वर झाला. 145 म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी. 80 म्हणजे बाजूची उंची, रुंदीच्या ऐंशी टक्के. आर म्हणजे रेडियल. 12 म्हणजे रिमचे इंच. 74 आणि टी त्याला अर्धवट येत होतं, ते आम्ही सांगितलं, की एका टायरवर 375 किलो ओझं आणि ताशी 190 चा वेग. मग गणित घातलं. 145 चे ऐंशी टक्के 116. दोन बाजूंचे 232. बारा इंच म्हणजे 304.8. मिळून व्यास 536.8 मिलिमीटर. परीघ साधारण 1686. एका किलोमीटरला हे चाक किती वेळा फिरेल? वर्गात प्रथमच सगळ्यांनी वह्या उघडल्या. 593 हे उत्तर सगळ्यात आधी त्याचं आलं नाही, दुसऱ्या एका मुलीचं आलं. पण तास संपल्यावर तो पुढं आला, टायरच्या आत हात घालून फिरवला आणि म्हणाला, "सर, इसमें तो दो गेटर हैं. ये आपको किसने चिपकाया?"

आम्ही म्हणालो, "मैंने खुद लिया था."

तो काही बोलला नाही. अब्बांसारखाच. फॉर्म त्यानं बदलला नाही, आम्हीही सुचवलं नाही.

22 सप्टेंबर 2025 पासून नव्या टायरवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, ट्रॅक्टरच्या टायरवरचा 18 वरून 5 वर. लहान गाड्याही स्वस्त झाल्या. पोरांनी नव्या किमती पाठ केल्या. आम्हीही पुन्हा हिशेब केला. पुढचे दोन टायर नवे घेतले, बिलासह. ज्या चाकांवर दोन मुली बसतात तिथं स्वस्ताई करू नये, एवढं कळायला आम्हाला नाल्यापर्यंत जावं लागलं. मागचे दोन मात्र अजून कर्जाच्या हप्त्यामागं रांगेत होते. दिवाळीच्या सुट्टीत अब्बांना म्हणालो, "चलते क्या नांदेड?" त्यांनी विचारलं, "शोरूम कू जाना है?" आम्ही म्हणालो, आधी टायर, वेळ उरला तर शोरूम.

वाटेत त्यांना नव्या गाड्यांच्या बातम्या सांगत गेलो. टाटांची सिएरा परत येणार होती, नोव्हेंबरच्या 25 तारखेला. त्यांना जुनी सिएरा आठवत होती, मागं मोठी काच असलेली. विजेवर चालणाऱ्या एमजी कॉमेटबद्दल सांगितलं, 2023 मध्ये आलेली, दोन दारांची. तिचा टायर 145/70, चाक बारा इंची. अब्बा सरसावून बसले. "वो तो मारुती 800 का माप हुआ!" खरंच होतं. डिसेंबर 1983 मध्ये आलेली आणि 2014 मध्ये बंद झालेली मारुती 800, आणि आता ही विजेची, टायर त्याच मापाचा. अब्बा उरलेल्या रस्त्यात खुशीत होते. म्हणाले, देखना, ते माप बाजारात पुन्हा फिरेल.

आम्ही वेगळ्या दुकानात गेलो. पोरानं टायर पुढं टाकले. अब्बा खाली बसले, चष्मा वर केला आणि बाही सारली. पहिला टायर बाजूला ढकलला. दुसरा ढकलला. तिसऱ्यात कोपरापर्यंत हात गेला, डोळे मिटले, हात सावकाश फिरत राहिला. आम्हीही मांडी घालून शेजारी बसलो, चौथ्यात हात घातला. आत काळी धूळ होती आणि दुसरं काही नव्हतं. आकडा वाचला, 1823.

दुकानाचा मालक गल्ल्यावरून उठून आला. "चाचा, आप लाइन के हैं क्या?"

आम्ही अब्बांकडं पाहिलं. त्यांनी आमच्याकडं पाहिलंच नाही. टायर उचलून उभा केला, हातानं एकदा आपटून आवाज ऐकला आणि म्हणाले, "पंक्चरवाला हूं. ढाणकी, बसस्टँड."

"फिर आपसे क्या ज्यादा लेना," मालक म्हणाला. दोन टायरचे बावीसशे झाले. व्हॉल्व त्यानं फुकट टाकून दिले.